लाल कडुलिंब

आमच्या सरांच्या अंगणातला कडुलिंब लाल होता आणि घरावरचं कौलांचं छप्पर हिरवंगार. अंगण, कडुलिंब, छप्पर सगळं कॉम्प्युटरमधल्या खेळातलं, माझ्या लॅबमधल्या सात नंबरच्या मशीनवरचं. पण मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरलं नाही. मी विचारलं, सर, कडुलिंब लाल कसा हो? सरांनी पडद्यावरची नजर न हलवता सांगितलं, "चैत्रात पालवी लालच असते, मॅडम. तुमी वाडीवाल्याची पोरगी, तुमाले मी सांगू का?" मी मान डोलावली, कारण कडुलिंबाची कोवळी पालवी खरोखरच तांबूस असते. छपराचं विचारलं तर म्हणाले, शेवाळ धरलं. अंगणातलं गवत तपकिरी का, तर वाळलं. प्रत्येक प्रश्नाला उत्तर हजर. इतकं हजर उत्तर माणूस आयुष्यभर सराव केल्याशिवाय देऊ शकत नाही, हे माझ्या डोक्यात यायला दीड वर्ष लागलं.

वर्ध्याहून सावंगीकडे जाताना रस्त्यापासून जरा आत एक खाजगी आयटीआय आहे. मी तिथे कॉम्प्युटर शिकवायचे आणि सर वायरमनचा ट्रेड. माझी लॅब वर, त्यांचं वर्कशॉप खाली समोरासमोर, खिडकीतून आतलं दिसेल असं. सव्वीस वर्षं त्याच वर्कशॉपात काढलेला माणूस. अंगावर कायम पांढरा शर्ट आणि करडी पँट, खिशात टेस्टर, पायात रबरी तळव्याचे बूट. सण असो, कोणाचं लग्न असो, शर्ट पांढराच. मी एकदा चिडवलं, तर म्हणाले, पांढऱ्यात चूक होत नाही. त्यांची बरीच वाक्यं अशी अर्धवट असायची. मी ती ऐकायची आणि सोडून द्यायची.

तसा माझा स्वभाव काही सोडून देण्यातला नाही. घोर लावून घेण्यात माझा हात कोणी धरणार नाही. वडनेरला आईबाबांची भाजीची वाडी, मी सावंगीत खोली करून राहायचे, आणि कुलूप लावलं की नाही हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत जायचे. त्यामुळे खालच्या वर्कशॉपात तीस पोरंपोरी दिवसभर विजेच्या तारांशी खेळतात, या विचाराने माझा एक कान कायम खाली असायचा. खालून जरा मोठा आवाज आला की मी खिडकीशी धावायचे.

खिडकीतून सर दिसायचे. त्यांची एक पद्धत होती. ते स्वतः वायर कधी उचलत नसत. बोर्डासमोर उभं राहायचं, नजर बोर्डावर ठेवायची आणि उजवा हात मागे पसरायचा. शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने त्या हातावर वायर ठेवायची आणि ठेवताना रंग मोठ्याने म्हणायचा. लाल, सर. काळी, सर. हिरवी, सर. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरच्या हातावर नर्स कात्री ठेवते तसं. मला वाटायचं, काय हा रुबाब! स्वतः वाकून एक वायर उचलायला काय होतं?

दुसरी पद्धत टेस्टरची. लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी म्हणजे अर्थिंग, हे नववीतलं पोरही सांगेल. पण सर प्रत्येक वायरला टेस्टर लावायला लावायचे, जोडण्याआधी एकदा आणि जोडल्यावर पुन्हा. पोरं वैतागायची. सरांचं ठरलेलं उत्तर होतं, "रंगावर जाऊ नोका. रंग कारखान्यात देतात. करंट कोठून येते ते कारखान्याले माहीत नसते."

आणि तिसरी पद्धत संध्याकाळी पाचची. सुटीची घंटा झाली की सर वर्कशॉपच्या दारात उभे राहायचे आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचे दोन्ही हात बघायचे. पंजे पुढे, मग पंजे उलटे. नवीन पोरांना वाटायचं की वायरचे तुकडे चोरले का ते तपासतात. तसं नव्हतं. कोणाला चटका बसला का, कोणाचं बोट काळं पडलं का, ते बघायचे. साठ हात बघून झाले की खिशातून रुमाल काढून कपाळ पुसायचे आणि मगच सायकल काढायचे. थंडीच्या दिवसांतही कपाळ पुसायचे, हे मी वरून पाहिलेलं आहे.

बाजारातही त्यांचं वेगळंच चालायचं. टमाटर घेताना ते बघत नसत, दाबत आणि हुंगत. होळीच्या दिवशी घराबाहेर पडत नसत, अंगाला खाज येते म्हणून सांगत. आम्ही स्टाफरूममध्ये त्यांना लहरी ठरवून मोकळे झालो होतो. एकदा शिक्का मारला की पुढचा विचार करावा लागत नाही.

तो खेळ आला पोरांमुळे. माझ्या लॅबमधली काही पोरं प्रॅक्टिकल आटोपून एक ठोकळ्यांचा खेळ खेळायची. त्यात जिंकणं हरणं नाही. मोकळं मैदान असतं. भिंत, खांब, स्लॅब, दार, झाड असे तुकडे घ्यायचे आणि वाटेल ते बांधायचं. प्राचार्यांनी बघितलं तर माझी काही खैर नाही, या धास्तीत मी दाराकडे डोळा ठेवून असायचे. एका दुपारी दारात सर उभे. मला वाटलं, झालं, आता तक्रार जाणार. सर पोरांच्या मागे जाऊन बराच वेळ उभे राहिले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "याच्यात वायरिंग होते का?"

होत होतं. खेळात वायर होती, बल्ब होता, बटण होतं आणि चुकीचं जोडलं तर उडणारा फ्यूजही होता, फक्त टेस्टर नव्हता. दुसऱ्या दिवसापासून सर जेवणाच्या सुटीत डबा घेऊन वर यायला लागले. भाकरीचा घास डाव्या हातात, उजवा हात माउसवर. पंधरा दिवसांत त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं, मग पिठाची चक्की, मग मोटरपंपाची खोली. पन्नाशी उलटलेला माणूस जेवण विसरून ठोकळे रचतो, हे बघायला स्टाफरूममधले लोक काहीतरी निमित्त काढून वर येऊन जायचे.

पण सरांचा जीव खरा अडकला तो रंगांत. त्या खेळात प्रत्येक तुकड्याला आपण हवा तो रंग देऊ शकतो. एक खिडकी उघडते, तिच्यात तीन पट्ट्या असतात, लाल, हिरवी आणि निळी. शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत आकडे सरकवायचे, की रंग तयार. तयार केलेला रंग एका चौकोनात साठवून ठेवता येतो, आणि पुढे त्या चौकोनातला रंग बदलला की त्या रंगाचे घरभरातले सगळे तुकडे आपोआप बदलतात. मी हे समजावून सांगितलं तेव्हा सरांनी खिशातून डायरी काढली. विटेचा रंग म्हणजे किती? पिकलेल्या संत्र्याचा किती? मी आकडे सांगायचे आणि ते लिहून घ्यायचे. असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर वर्कशॉपात कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "हे बरं हाय, मॅडम. आकडा सर्वाईले सारखाच दिसते."

मात्र आकडे विचारायचे राहिले की गडबड व्हायची. मग कडुलिंब लाल, छप्पर हिरवं. एकच गोष्ट त्यांनी मला कधी विचारली नाही, ती निळा रंग. हिंगणीजवळच्या त्यांच्या गावच्या घराची भिंत त्यांनी खेळात रंगवली, वडिलांनी दर चौदा एप्रिलच्या आधी हाताने रंगवायची ती, निळ्या चुन्याची. खालच्या ओटीला गडद, उन्हाच्या बाजूला उडालेला, दाराजवळ हात लागून मळलेला. एका निळ्याच्या सात छटा त्यांनी कोणाला न विचारता बरोबर लावल्या. मी विचारलं, हे कसं जमलं? "निळा मले कोनी शिकवा लागला नाई," ते म्हणाले, आणि त्या भिंतीकडे बघत बसले.

मग त्यांनी पोरांसाठी खेळातच सरावाचं घर तयार केलं. पाइपातून तीन वायरी येतात, दुसऱ्या टोकाला त्या ओळखून बोर्डाला जोडायच्या. चुकलं तर खेळातला फ्यूज उडतो, पोर जिवंत राहतं. माझ्यासारख्या घाबरटाला ही कल्पना फार आवडली. फक्त वायरींचे रंग विचित्र होते. लाल म्हणून त्यांनी जवळजवळ पांढरा, जरासा गुलाबी रंग केला होता. काळा ठीक होता. हिरवा पोपटाच्या पंखासारखा उजळ, त्यात पिवळं भरपूर. मी म्हटलं, हा लाल नाही हो सर. त्यांनी सांगितलं की पडद्यावर उठून दिसला पाहिजे, आणि तोच रंगसंच बाराही मशीनवर टाकून घेतला. मी टाकून दिला.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, ते इथून पुढे.

बाहेरून एक साहेब तपासणीला येणार होते. प्राचार्यांनी फर्मान काढलं की आपलं हे खेळातलं वर्कशॉप साहेबांना दाखवायचं. मी आदल्या दिवशी सगळी मशीन पुसली, प्रोजेक्टर लावून बघितला, आणि तो फिकट गुलाबी लाल बघून मला लाज वाटली. साहेब म्हणतील, या मॅडमला साधे वायरचे रंग माहीत नाहीत. मी खालून तीन वायरींचे खरे तुकडे आणले, पडद्याशेजारी धरले, आकडे सरकवत सरकवत अगदी तसेच रंग तयार केले आणि सरांच्या चौकोनांत भरले. बाराही मशीनवरचे. सरांना सांगितलं नाही. उद्या बघतील आणि खूश होतील, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी लॅब भरलेली. पुढे साहेब, शेजारी प्राचार्य, मागे तीस पोरं. सर सात नंबरच्या मशीनवर बसले आणि भिंतीवर त्यांचं घर उमटलं. पाइपाच्या टोकाला तीन वायरी लोंबत होत्या, खऱ्याखुऱ्या लाल, काळ्या, हिरव्या. रंगांचे आकडे वायर जोडताना दिसत नाहीत, फक्त वायर दिसते. सर बघत राहिले. माउस या वायरीवरून त्या वायरीवर गेला आणि परत आला. साहेबांनी घड्याळ बघितलं. मग मी पाहिलं, सरांचा उजवा हात माउसवरून उठला आणि मागे पसरला. तिथे कोणी नव्हतं. हात तसाच क्षणभर राहिला आणि परत आला.

त्यांनी लाल वायर उचलली आणि अर्थिंगला जोडली. फट असा आवाज झाला, घर अंधारलं, फ्यूज उडाला. साहेब हसले, प्राचार्य हसले. सरांनी फ्यूज बसवला, तशा खेळाने वायरींच्या जागा बदलल्या, सरांनी पुन्हा वायर उचलली, आणि पुन्हा तीच चूक. आता कोणी हसलं नाही. सरांच्या मानेवरून घाम उतरताना मला दिसत होता आणि काय होतंय ते मला कळत नव्हतं.

तेवढ्यात मागून एक मुलगी उठली. तुकडीतली सगळ्यात हुशार, पोरं तिला मास्तरीण म्हणायची. ती उभ्या उभ्या मोठ्या आवाजात, पाठ म्हणावा तसं बोलायला लागली, "डावीकडून पयली काळी, न्यूट्रल. मधातली लाल, फेज. उजवीकडची हिरवी, अर्थिंग." साहेबांना वाटलं, सरांनी विद्यार्थ्यांना मध्ये घेण्याची ही तऱ्हा आहे. सरांनी तिच्याकडे न बघता एकेक वायर जोडली. बल्ब लागला. टाळ्या वाजल्या. मी टाळी वाजवू शकले नाही. लाल कडुलिंब, हिरवं छप्पर, हुंगून घेतलेले टमाटर, पांढरे शर्ट, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं.

संध्याकाळी मी मास्तरणीला लॅबमध्ये थांबवून घेतलं. तिने आधी आढेवेढे घेतले, मग दार लावून सांगितलं. सरांना लाल आणि हिरवा ओळखू येत नाही, हे वायरमनच्या प्रत्येक तुकडीला माहीत असतं. जाणारी तुकडी येणाऱ्या तुकडीला सांगून जाते. कधीपासून, हे कोणालाच ठाऊक नाही. नियम तीन. सरांच्या हातावर वायर ठेवताना रंग मोठ्याने म्हणायचा. सर चुकायला लागले तर चूक म्हणायचं नाही, "सर, टेस्टर लावू का?" असं विचारायचं. आणि आपल्याला माहीत आहे हे सरांना कधीच कळू द्यायचं नाही.

मी विचारलं, मग प्राचार्यांना कोणी का नाही सांगितलं? एखाद्या दिवशी जवळ कोणी नसेल तर?

"जवळ कोनी नसलं तर सर हात लावत नाई, मॅडम. आमी पाह्यलं हाय. आज पयल्यांदाच त्याईच्याजवळ कोनी नोतं." आणि मग हळूच म्हणाली, "झाकली मूठ राहू द्या. आपल्याले कोनी पकडलं नाई, याच भरोशावर ते उभे हायत."

त्यांच्याजवळ कोणी नव्हतं, कारण मी त्यांना एकटं मशीनवर बसवलं होतं, आणि त्यांनी आपल्यापुरता करून घेतलेला रस्ताही मीच आदल्या दिवशी बुजवला होता.

शनिवारी दुपारी सर वर आले. डबा नव्हता. खेळ उघडला नाही. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, एक अर्ज टाइप करून द्या, स्वेच्छानिवृत्तीचा. कारण काय लिहू, मी विचारलं.

"मले लाल दिसत नाई, मॅडम. म्हंजे दिसते, पन काळ्यासारखंच दिसते. हिरव्याचंबी काही खरं नाई. जन्मापासून." मग एकदम बांध फुटल्यासारखं बोलत गेले. नोकरीच्या वेळी डोळ्यांची तपासणी झाली होती. ठिपक्यांचं पुस्तक असतं, ठिपक्यांत आकडे लपलेले असतात. त्यांच्या आधी आत गेलेल्या मुलाने बाहेर येऊन त्यांना प्रत्येक पानावरचा आकडा सांगितला, यांनी पाठ केला. डॉक्टरांनी पानं सरळ ओळीने उलटली. "उलटीकडून सुरू केलं असतं, तर मी आज गावी वावरात राबत असतो. बायकोलेबी सांगतलं नाई मी."

मी रंग बदलल्याचं कबूल केलं. माफी मागितली. त्यांनी हात हलवला. म्हणाले की तुम्ही बरोबरच रंग लावले, चूक रंगांची नव्हती. "परवा खेळातला फ्यूज उडाला. उद्या खरा उडन, कोन्या लेकराच्या हातात. पोट्टे माह्या हातात वायर देत राह्यले, अन् माहा डोळा त्याईच्या हातात हाय, हे मी त्याईले सांगतलं नाई. फसवलं मी त्याईले."

माझ्या जिभेवर आलं होतं, सर, कोणी फसलेलं नाही. त्यांना माहीत आहे. एवढं बोलले असते तर त्यांच्या मनावरचा एक दगड उतरला असता आणि दुसरा बसला असता. सव्वीस वर्षं जपलेली गोष्ट प्रत्येक तुकडीला ठाऊक होती, पोरं आपल्याला सांभाळून घेत होती, ही गोष्ट हा माणूस पेलेल का, मला ठरवता येईना. दुसऱ्या बाजूला वाटायचं, गप्प राहिले आणि हा माणूस स्वतःला लबाड समजून घरी गेला, तर ते माझ्यामुळे. मी अर्ज टाइप केला. छापायची वेळ आली तेव्हा खोटं बोलले, प्रिंटरची शाई संपली, सोमवारी देते.

ते उठले. दारापर्यंत गेले आणि म्हणाले, अर्ज देण्याआधी सोमवारी सकाळी पोरांना सांगणार आहे, मग प्राचार्यांना. तुम्हीही या. माझ्याच्यानं एकट्यानं होणार नाही.

ते गेल्यावर मी धावतच मास्तरणीला गाठलं. सर पोरांना सांगणार आहेत, हे तिच्या कानावर घातलं. मला भीती होती ती एकाच गोष्टीची. तीस पोरं, अठरा-एकोणीस वर्षांची. एखादा नुसता हसला तरी पुरे. एखादा चटकन बोलून गेला, माहीत हाय ना सर, तर सगळंच संपलं. मी तिला तसं म्हटलं.

"मी पाहतो," ती म्हणाली. "आमाले माहीत नाई, असं करू."

रविवारी मी वडनेरला होते. आईबरोबर मेथी निवडायला बसले आणि बराच वेळ पानं फेकून काड्या ठेवत राहिले. आईने टोपलं ओढून घेतलं आणि विचारलं, काऊन व, कोनाचं काय झालं? मी सांगितलं, काही नाही. काही झालं नव्हतं, होणार होतं, आणि तेच जास्त वाईट असतं.

सोमवारी वर्कशॉपात तीस पोरं ओळीने उभी होती. सरांनी त्यांना कधी ओळीने उभं केलं नव्हतं. मी दाराजवळ भिंतीला टेकले. सर बोर्डासमोर उभे राहिले. या वेळी पाठ बोर्डाकडे आणि तोंड पोरांकडे.

ते फार बोलले नाहीत. मला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही, म्हणाले. नोकरी लागताना मी हे लपवलं. तुमच्यापासूनही लपवलं. तुम्ही रंग सांगत होता, मी त्यावर काम करत होतो. तुमचा जीव धोक्यात घातला, म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

मी एकेक चेहरा बघत होते. मागच्या ओळीत एका उंच पोराने खाली मान घातली आणि त्याचे खांदे हलले. हा हसतो आहे, मेले आता, असं मला वाटलं. त्याने मान वर केली तेव्हा डोळे लाल होते, पण चेहरा कोरा होता.

मास्तरीण म्हणाली, "खरंच, सर?"

मग दुसरा म्हणाला, कसं शक्य आहे? तिसऱ्याने विचारलं, मंग इतके दिवस तुमी कसं केलं, सर? चौथा म्हणाला की आम्हाला तर काहीच वाटलं नाही. कोणी भुवया उंचावल्या, कोणी शेजारच्याकडे बघून डोळे मोठे केले. त्यांतला एकही नाटकात काम करण्याच्या लायकीचा नव्हता. पण सरांना ते दिसत नव्हतं. सर खाली बघत होते, आणि खाली बघता बघता त्यांचे खांदे उतरत होते. इतके दिवस कसं केलं, या प्रश्नाने ते जरा सावरले, आणि मग सांगायलाच लागले. कोणत्या कंपनीची लाल वायर बोटाला कशी लागते, हिरवी वाकवली तर कशी परतते, जुन्या पेटीत त्यांनी कोणत्या वायरला कुठे बारीक गाठ मारून ठेवली आहे. पोरं ऐकत होती. त्यांतल्या निम्म्या गाठी प्रत्येक तुकडीतल्या पोरांनीच पुन्हा घट्ट केल्या होत्या, हे मास्तरणीने मला नंतर सांगितलं.

शेवटी ती म्हणाली, "आतापासून आमी रंग सांगत जाऊ, सर. आता माहीत झालं ना आमाले."

सर प्राचार्यांकडेही गेले. प्राचार्य घाबरले, फाइल उघडून बसले आणि दोन दिवसांनी ठरलं की प्रॅक्टिकलला सरांसोबत दुसरे एक शिक्षक कायम उभे राहतील, थिअरी सर घेतील. अर्ज मात्र सरांनी माझ्याकडून मागून नेला नाही आणि मीही शाई आली असं सांगितलं नाही.

त्या सोमवारी जेवणाच्या सुटीत ते डबा घेऊन वर आले. सात नंबरसमोर बसले, भाकरी मोडली, पण घास तसाच हातात राहिला. चेहऱ्यावर थकवा होता आणि त्याखाली एक विचित्र समाधान, मोठी चोरी पचवल्यासारखं. मी काही विचारायच्या आत तेच माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "लय साधे हायत पोट्टे, मॅडम. सव्वीस वर्षं झाले. एकालेबी समजलं नाई."

मी कीबोर्ड पुसायला घेतला.

"नाही सर," मी म्हटलं. "एकालाही नाही."